न घेतलेली पोच

वाशीमला आमच्या शिक्षण संस्थेत आज कोणालाही गौतम इंगोलेबद्दल विचारलं, तर एकच उत्तर मिळतं : ज्याच्या हलगर्जीपणामुळे पोरांचे मार्क गेले, तो. हे उत्तर खोटं आहे. मला ते खात्रीने सांगता येतं, कारण ते मीच तयार केलेलं आहे. मी त्या वेळी संस्थेचा सचिव होतो. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. तोंडी सांगण्याचे दोन-तीन प्रयत्न मी करून पाहिले. ऐकणाऱ्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला. म्हणून लिहितो आहे.

इंगोलेचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. तो रिठदचा. तिथे घरची दोन एकर जमीन, आणि वडील दुसऱ्यांच्या वावरातही कामाला जात. शिकायला तो आमच्या वसतिगृहात आला. नववीत मी त्याला गणित शिकवलं असं तो सांगायचा. खरं म्हणजे वर्गातला इंगोले मला आठवत नाही. मला आठवतो तो जिन्याखालच्या खोलीतला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे जाणाऱ्या जिन्याखाली आमचा सर्व्हर होता, आणि इंगोले अकरा वर्षं त्याच्याजवळ बसला.

ती खोली बारा महिने थंड ठेवावी लागायची. बाहेर मे महिन्यात डांबर पायाला चिकटत असताना इंगोले आत निळा स्वेटर घालून बसलेला असे. चहाला बाहेर येताना स्वेटर काढून दाराच्या खिळ्याला अडकवायचा. शिपाई म्हणत, "आले पाहा इंगोले भाऊ शिमल्याहून." तो हसायचा, पण चपलांच्या बाबतीत कोणाचं ऐकायचा नाही. आत येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले, तेव्हा त्यांनाही त्याने दारात थांबवलं. "धूळ जाते साहेब आत. देवाचं काही नाई, धुळीचं हाय." अध्यक्षांनी बूट काढले. नंतर मला म्हणाले, "हा कोण आहे? फार पोचलेला दिसतो."

त्या एका यंत्राच्या पोटात सहा संगणक होते. हे मला समजायला वेळ लागला. यंत्र एकच, पण त्यावर एक सॉफ्टवेअर टाकलेलं, आणि ते एकाच यंत्राचे सहा भाग करून प्रत्येक भागाला स्वतंत्र संगणक बनवायचं. मी विचारलं तेव्हा इंगोलेने असं सांगितलं : "सर, आपन सोयाबीनमंधी तूर पेरतो का नाई? वावर एकच. तशाच ह्या सहा तासा हायत, पेरणीच्या ओळी. फरक एवढाच की हितं सोयाबीनले तूर दिसत नाई. त्याले वाटते सारं वावर आपलंच हाय." तीस वर्षं शिकवून मला कधी एखादी गोष्ट इतकी साफ सांगता आली नसेल.

त्या सहाही संगणकांना त्याने जिल्ह्यातल्या गावांची नावं दिली होती. प्रवेशाचं काम चाले त्याचं नाव शेलूबाजार, कारण तिथे सगळ्या जीपा थांबतात आणि गर्दी हटत नाही. परीक्षा आणि गुणांचा संगणक म्हणजे वाशीम, कारण तिथे कचेरी आहे आणि शेवटी सगळ्यांना तिथे जावंच लागतं. ग्रंथालयाचं नाव रिठद. "माह्यं गाव हाय," तो म्हणायचा, "अन् तिथं बी कोनी जात नाई."

एका जून महिन्यात तो जिन्याखालून धावत आला आणि कार्यालयाच्या दारातून ओरडला, "शेलूबाजार पडलं! कोनी हात लावू नका!" नव्याने लागलेल्या एका बाईंचं माहेर शेलूबाजारचं. त्यांनी घाबरून भावाला फोन लावला. भाऊ हायवेवर दुकानात बसलेला. त्याने बाहेर जाऊन पाहिलं आणि सांगितलं की इथे सगळं उभं आहे, तुमच्याकडेच काही पडलं असेल. पुढे कित्येक महिने कार्यालयात कोणी उशिरा आलं की विचारायचे, "काहून? शेलूबाजार पडलं का?"

इंगोले कंत्राटी होता. आमच्या संस्थेत करार अकरा महिन्यांचा असे. अकरा महिने संपले की एक दिवस खंड, आणि मग नवा करार. तो एक दिवस माणूस संस्थेचा नसतो. सलग नोकरी दिसू नये म्हणून ही पद्धत. ती मी सुरू केली नव्हती, पण करारावर सही माझी असे.

अशाच एका खंडाच्या दिवशी यंत्र बिघडलं. इंगोलेला फोन करावा की नाही यावर कार्यालयात चर्चा चालू असताना शिपायाने सांगितलं की तो बाहेर बाकावरच बसला आहे. सकाळपासून. मी त्याला आत जायला सांगितलं.

"मले नाई जाता येत सर. आज मी तुमचा नाई."

"अरे, मी सांगतो ना."

"उद्या काई गेलं तं म्हनतीन, खंडाच्या दिवशी आत कसा गेला? कागद करून द्या."

कागद करता येईना, कारण केला असता तर खंड राहिला नसता. मग इंगोले खोलीच्या काचेबाहेर उभा राहिला, लिपिक काळे आत गेला, आणि इंगोलेने काचेवर बोट ठेवून ठेवून त्याला सांगितलं, कुठलं बटण, किती वेळ. स्वेटर नसल्यामुळे काळे आत कुडकुडत होता. अर्ध्या तासात यंत्र चालू झालं. इंगोले परत बाकावर जाऊन बसला आणि पाच वाजता घरी गेला. आम्ही हा किस्सा कितीतरी वेळा हसत सांगितला आहे. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता मला सापडत नाही.

कागद हा त्याचा शब्द होता. तोंडी निरोपावर तो काम करायचा नाही. "कागद करा." आणि स्वतः दिलेल्या प्रत्येक कागदाची तो पोच घ्यायचा. दोन प्रती करायच्या, एक समोरच्याला द्यायची, दुसरीवर त्याची सही, तारीख आणि शिक्का. शिपायाला साधा माऊस दिला तरी पोच. एकदा काळे म्हणाला, "इंगोले, घरी जेवन झालं का वहिनीले बी पोच देता का हो?"

"देतो ना. ताट धुऊन ठेवतो, थे पोचच हाय," इंगोले म्हणाला.

ह्या कागदांच्या मागे एकच गोष्ट होती. त्याला कायम व्हायचं होतं. अकरा वर्षं, दर अकरा महिन्यांनी तो एक अर्ज द्यायचा. त्याच्या पिशवीत एक फाइल असे, तिच्यात सगळे करार, सगळ्या पोच. ज्या वर्षाबद्दल मी लिहितो आहे, त्या वर्षी संस्थेने ठरवलं होतं की दहा वर्षं झालेल्या चार कंत्राटी माणसांना कायम करायचं. यादीत त्याचं नाव पहिलं होतं. मी स्वतः लिहिलं होतं.

त्याच सुमाराला तो एक दिवस माझ्या खोलीत आला आणि उभाच राहिला.

"सर, आपली कंपनी इकली गेली."

"आपली कोणती कंपनी?"

"थे सहा तासा पाडनारं सॉफ्टवेअर ज्यायचं हाय, थे. एका लय मोठ्या कंपनीनं घेतलं."

मी म्हणालो, मोठ्या कंपनीने घेतलं म्हणजे बरंच झालं की. तो खुर्चीवर बसला. विचारल्याशिवाय बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

"वावर इकल्यावर नवा मालक बटाईदाराचं तोंड पाह्यत नाई सर. त्याले मोठाले गिऱ्हाईक पाह्यजेत. आपल्यावानी लहानाले त्याच्यापाशी जागा नाई."

"पण आपला परवाना कायमचा आहे ना? तूच लिहिलं होतंस फायलीत."

"परवाना कायमचा हाय. चालत राहीन थे. पन दुरुस्ती बंद होनार. उद्या त्याच्यात भोक सापडलं तं बुजवाले कोनी येनार नाई. आता सारं सालाच्या करारानं देऊन राह्यले. कायम असं काई त्यायनं ठेवलंच नाई." मग तो थोडा हसला. "माह्यावानीच झालं थे."

आठ दिवसांनी तो टिपणी घेऊन आला. मराठीत, एक पान. त्यात लिहिलं होतं की ह्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती जूनअखेर बंद होते. त्यानंतर यंत्र बाहेरच्या हल्ल्याला उघडं राहील. त्याऐवजी मोफत मिळणारं दुसरं सॉफ्टवेअर आहे, ते त्याने घरी जुन्या संगणकावर चालवून पाहिलं आहे. त्यावर सगळं हलवायला मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस संगणक बंद ठेवण्याची परवानगी मिळावी. पैसा एक मागितला नव्हता. फक्त आठ दिवस.

मे महिन्यात आमच्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव होता. निमंत्रणपत्रिका, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, स्मरणिका, सगळं त्याच संगणकांवर. आठ दिवस बंद म्हणजे मला अध्यक्षांना समजावून सांगावं लागलं असतं, आणि सोयाबीन-तुरीचा दृष्टांत त्यांना सांगायची माझी तयारी नव्हती. मी टिपणीच्या समासात तेच लिहिलं, जे मी आयुष्यभर नको असलेल्या कागदांवर लिहीत आलो : "चर्चा करावी." खाली सही, तारीख. कार्यालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे की हा शेरा पडलेल्या कागदावर चर्चा होत नाही. कोणी कोणाशी चर्चा करावी, हे त्यात लिहिलेलंच नसतं.

इंगोलेच्या हातात दुसरी प्रत होती. आवक लिपिक त्या दिवशी लग्नाला गेला होता, म्हणून शिक्का मिळणार नव्हता. मी म्हणालो, "आण, मीच सही करतो पोचेवर."

त्याने प्रत घडी करून खिशात ठेवली. "राहू द्या सर. तुमच्यापासून पोच कायले घ्याची."

अकरा वर्षांत त्याने पोच घेतली नाही तो तेवढा एकच कागद.

चर्चा झाली नाही. त्याने दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी मंडपवाल्याशी बोलत होतो आणि हातानेच त्याला थांब म्हणून खूण केली. तो बराच वेळ थांबला असावा. मी वळून पाहिलं तेव्हा नव्हता.

जुलैमध्ये प्रवेश चालू असताना एका सकाळी सगळे पडदे काळे झाले. सहाही गावं एकदम. बाहेरच्या कोणीतरी आत शिरून सगळ्याला कुलूप लावलं होतं, ज्या भोकाबद्दल तो बोलला होता, त्यातूनच. इंगोलेने चार दिवस घर पाहिलं नाही. जुन्या संगणकावर तो दर शनिवारी प्रती काढून ठेवायचा, त्यातून त्याने प्रवेश, ग्रंथालय, शिक्षकांची सेवापुस्तकं, बहुतेक सगळं परत उभं केलं. एक गोष्ट राहिली. अंतिम वर्षाच्या मुलांचे अंतर्गत गुण त्या आठवड्यात सोमवारी थेट संगणकावरच भरले गेले होते, आणि कुलूप लागलं गुरुवारी. मुलांचे निकाल अडले. पालक आवारात आले. कोणीतरी दगड मारला आणि ग्रंथालयाची काच फुटली.

चौकशी समिती नेमली. अध्यक्ष आणि दोन संचालक, आणि कागदपत्रं मांडायला सचिव म्हणून मी. इंगोले पिशवी घेऊन आला, फाइल काढली, आणि ती बिनपोचेची प्रत टेबलावर ठेवली.

"मी लिहून देलं होतं साहेब. जूनच्या आंधी."

अध्यक्षांनी प्रत उलटून पाहिली. "ह्यावर शिक्का कुठे आहे? सही कुठे आहे? हे काल रात्री टाइप केलं नाही कशावरून?"

"मूळ प्रतीवर सरांचा शेरा हाय. सरांपाशी हाय थे."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "काय हो देशमुख सर, अशी टिपणी तुमच्याकडे आली होती?"

मूळ प्रत घरी माझ्या कपाटात होती. कुलूप लागलं त्याच संध्याकाळी मी ती फायलीतून काढून नेली होती, आणि पुढच्या पानांचे क्रमांक खोडून पुन्हा घातले होते. का नेली, हे तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही. सुवर्णमहोत्सवात माझा सत्कार झाला होता. माझं छायाचित्र कार्यालयात लागलं होतं. आणखी एक गोष्ट लिहायला पाहिजे, नाहीतर हा कागदही अर्धाच राहील. माझ्या जागी त्याचा आणि त्याच्या जागी माझा शब्द असता, तर समितीने शिक्का मागितला असता का? देशमुखांच्या शब्दाला आमच्याकडे पोच लागत नाही, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. त्यावरच मी बोललो.

मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात आली नाही."

इंगोलेने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो ओरडेल. त्याच्याजवळ साक्षीदार होता, काळेने त्याला टिपणी नेताना पाहिलं होतं. पण त्याने फाइल बंद केली, रबर लावलं.

"सर म्हनतात नाई आली, तं नसन आली," तो म्हणाला, आणि उठला.

आदेशात "गंभीर हलगर्जी" असे शब्द आले. मसुदा माझा होता. करार पुढे वाढवला नाही. उरलेली तीन माणसं त्याच महिन्यात कायम झाली, पेढे माझ्याही टेबलावर आले. आदेशाची प्रत आजूबाजूच्या संस्थांना गेली, कारण तशी पद्धत आहे. त्याने दोन ठिकाणी अर्ज केले होते असं काळे सांगत होता. दोन्हीकडून मला फोन आले. मी म्हणालो, आदेशात सगळं लिहिलं आहे.

पुढे संस्थेने सगळं काम पुण्याच्या एका कंपनीकडे दिलं. जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि फुटलेले बाक असतात. मी सचिवपद सोडलं. छायाचित्र अजून आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी शेलूबाजारला गेलो. इंगोले तिथे हायवेवर एका टिनाच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो, असं कळलं होतं. माझ्याबरोबर पिशवीत ती मूळ टिपणी होती, आणि मी लिहिलेला तीन पानांचा कबुलीजबाब, खाली सही. शिवाय मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. तो वाशीमलाही निघतो. पण नुसता कबुलीजबाब घेऊन जाण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

दुकानात सात-आठ लोक होते. इंगोले मागच्या भिंतीशी संगणकासमोर बसला होता. केस पांढरे झाले होते. तो माझ्यापेक्षा पंचवीस-सव्वीस वर्षांनी लहान आहे. त्याने मला पाहिलं आणि बाकाकडे हात केला.

"बसा सर. नंबर लागन."

मी तासभर बसलो. माझा नंबर आल्यावर मी आधी कागद पुढे केले. त्याने तीनही पानं वाचली, एकही ओळ न सोडता. मागचे लोक चुळबुळ करत होते. मग त्याने टिपणी हातात घेतली, स्वतःची, आणि समासावर बोट ठेवलं.

"चर्चा करावी," त्याने वाचलं. "करा मंग सर. कायची करता?"

मी म्हणालो, मी हे समितीला देतो, वर्तमानपत्रात देतो, तू म्हणशील तिथे देतो.

"कोनाले देता? अध्यक्ष वारले. समिती नाई. माही जागा नाई, थे मशीन नाई. ज्या पोरायचे मार्क गेले, थे कुठं कुठं निंगून गेले." तो हळू बोलत होता, जणू फॉर्ममधली चूक दाखवत असावा. "बाबा गेले तवा बी त्यायले वाटत होतं का मी खरंच झोपलो होतो डूटीवर. म्हनले, लेका, सरांनी एवढं शिकवलं तुले."

त्याने खणातून प्लास्टिकची पिशवी काढली, सगळे कागद तिच्यात नीट घातले आणि मला परत दिले.

"दुसरं काय काम हाय?"

मी हयातीचा दाखला म्हणालो. त्याने आधार क्रमांक विचारला, आकडे भरले, आणि बोटांचे ठसे घेण्याचं लहानसं यंत्र माझ्यासमोर सरकवलं. मी अंगठा ठेवला. यंत्राने घेतला नाही. पुन्हा ठेवला. घेतला नाही.

"म्हाताऱ्यायच्या रेघा जातात घासून," तो म्हणाला. त्याने माझा हात आपल्या हातात घेतला, रुमालाने अंगठा पुसला, त्यावर दोनदा फुंकर मारली, आणि स्वतःच्या बोटाने तो यंत्रावर दाबून धरला. त्याचं बोट थंड होतं. पडद्यावर हिरवी खूण येईपर्यंत त्याने ते काढलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "सालभर चालते हे. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा या लागते."

मी बाजूला झालो. माझ्या मागची बाई पुढे आली, हाताला ओली मेहंदी होती. "माय, आजच कायले लावली मेहंदी?" इंगोले तिला म्हणाला, आणि रुमालाची दुसरी बाजू काढून तिचा अंगठा पुसू लागला.